पत्रिका कागदावर छान, फोनवर घाण : बिघाड नेमका कुठे शोधायचा

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो. गिऱ्हाईक आत येतं, प्रेसमधून छापून आलेली पत्रिका काउंटरवर ठेवतं आणि तिच्या शेजारी आपला फोन. “ताई, हे पहा, आन् आता हे पहा.” कागदावरचं आंब्याच्या पानांचं तोरण छान गर्द हिरवं. फोनवर तेच तोरण डोळ्यांना टोचेल इतकं भडक. अक्षरांच्या कडेला बारीक मळ, आणि खालची निमंत्रकांची नावं वाचायची तर दोन बोटांनी चित्र ताणत बसायचं. पुढचा प्रश्न मला पाठ झाला आहे : “थोडी क्वालिटी वाढवून देता का?”

नाही देता येत. क्वालिटीचा आकडा ही शेवटच्या पायरीवरची गोष्ट, आणि बिघाड बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर दुसऱ्या पायरीवर होऊन बसलेला असतो. ६० वर सेव्ह केलेली जेपीजी उघडून ९५ वर पुन्हा सेव्ह केली, तर फाइल जड होते, एवढंच. गेलेला तपशील परत येत नाही. नासलेल्या दुधात साखर घालण्याचा प्रकार आहे तो.

पत्रिका, वास्तुशांतीचं कार्ड, पतसंस्थेचा अहवाल, मंडळाची स्मरणिका, शाळेच्या गॅदरिंगचा कार्यक्रम... छापील वस्तू वेगळी, तक्रारी त्याच. म्हणून ज्या क्रमाने मी शोधते, त्या क्रमाने लिहून ठेवते आहे. ज्यांना हे काम घरच्या घरी करायचंय, त्यांनाही उपयोग होईल.

आधी चारशे टक्के

कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी फाइल कॉम्प्युटरवर उघडायची आणि ४०० टक्के मोठी करून एखादं अक्षर नि एखादा रंगीत भाग पाहायचा. अक्षराची कड कितीही मोठी केली तरी ब्लेडने कापल्यासारखी राहिली, तर ती खरी पीडीएफ. आत रेषा नि वक्र जसेच्या तसे आहेत. निम्मं काम झालं. रंगीत भागात निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसले, तर कोणीतरी छापील कागद स्कॅन केला आहे. अक्षराभोवती चौकोनी चौकोनी मळ दिसला, तर ती जेपीजी आहे आणि बहुधा चार-दोन फोन फिरून आली आहे.

या तिघींचं औषध वेगवेगळं. एकीचं दुसरीला दिलं की बिघाड वाढतो.

इथे एक फसगत नेहमी होते. आमच्याकडे येणारे पतसंस्थेचे एक काका अहवालाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन आले. “पीडीएफच आहे ना ही!” नावापुढे पीडीएफ होतंच. मोठी केली तर पहिलंच अक्षर फुटलं. कोणीतरी छापील अहवालाचे फोनवर फोटो काढले होते आणि ॲपने ते पीडीएफमध्ये भरून दिले होते. मी म्हटलं, “काका, डबा स्टीलचा आहे, आतली भाजी कालचीच आहे.” अशा फाइलचं पुन्हा ‘एक्स्पोर्ट टू इमेज’ करू नका, त्यात फोटो दुसऱ्यांदा ताणला जातो आणि दुसऱ्यांदा दाबला जातो. पॉपलर नावाच्या फुकट संचात पीडीएफ-इमेजेस नावाचं साधन आहे, ते आतला फोटो आहे तसा बाहेर काढून देतं. पुढची दुरुस्ती त्या फोटोवर करायची.

आणि मुळात हे सगळं टाळायचा मार्ग म्हणजे प्रेसवाल्याला फोन. नव्वद टक्के लोक तो करत नाहीत, का ते मला आजवर कळलेलं नाही. पत्रिकेचे पैसे दिलेले असतात, फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर पडून असते, आणि आपण छापील कागदाचा ट्यूबलाइटखाली फोटो काढत बसतो.

“रंगच बदलले ना, ताई!”

सर्वांत जास्त येणारी तक्रार, म्हणून जरा सविस्तर.

प्रेसचा हिशोब शाईचा, स्क्रीनचा हिशोब उजेडाचा. प्रेसची फाइल सीएमवायकेमध्ये असते, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांचे टक्के. पण नुसत्या टक्क्यांवरून रंग कळत नाही. कुठली शाई, कुठला कागद हे सांगणारी चिठ्ठी सोबत लागते. तिला कलर प्रोफाइल म्हणतात. चिठ्ठी वाचून रूपांतर केलं, तर १०० टक्के सायन आणि १०० टक्के पिवळा यांचा हिरवा स्क्रीनवर ०, १६६, ८१ असा उतरतो. हे आकडे लाल, हिरव्या नि निळ्या उजेडाचे, प्रत्येकी ० ते २५५. हा हिशोब अमेरिकन स्वॉप प्रोफाइलचा आहे. फोटोशॉपच्या जुन्या ठरीव सेटिंगमध्ये तेच असतं आणि ते बदलायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. चिठ्ठी न वाचता सॉफ्टवेअरने पूर्ण उजेडातून शाईचे टक्के वजा करण्याची नुसती वजाबाकी केली, तर तोच हिरवा ०, २५५, ० होतो. तोरणाचं प्लास्टिक झालं ते इथे. लाल रंगाचं पाहा : १०० मॅजेंटा, १०० पिवळा. नीट रूपांतर केलं तर २३७, २८, ३६. वजाबाकीने २५५, ०, ०. लालमधला फरक खपून जातो, हिरव्या-निळ्यातला खपत नाही. म्हणून गिऱ्हाईक दर वेळी तोरणावर बोट ठेवतं, कुंकवावर नाही.

याहून भुताटकीचा प्रकार म्हणजे पूर्ण चित्र निगेटिव्हसारखं उलटं दिसणं. ॲडोबीची सॉफ्टवेअरं सीएमवायके जेपीजीत शाईचे आकडे उलटे साठवतात आणि फाइलमध्ये तशी खूण करून ठेवतात. जे ॲप ती खूण वाचत नाही, त्यात नवरदेवाचा चेहरा एक्स-रेसारखा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. ती वेबसाठी नव्हतीच.

दोन्हींवर इलाज एकच : वेबवर टाकायची फाइल आरजीबीत, म्हणजे त्याच लाल-हिरव्या-निळ्या आकड्यांत हवी, आणि आरजीबीतही एसआरजीबी या ठरलेल्या पद्धतीत. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ती मांडली, १९९९ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. ज्या चित्रासोबत चिठ्ठी नसते ते ब्राउझर एसआरजीबीच समजून दाखवतो. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरायचं. त्याच्या शेजारी ‘असाइन प्रोफाइल’ आहे, तिथे जाऊ नका. कन्व्हर्ट आकडे बदलतं आणि रंग शक्य तितका तसाच ठेवतं; असाइन आकडे तसेच ठेवून फक्त चिठ्ठी बदलतं, म्हणजे रंग बदलतो. कोरलमधून काढताना एक्स्पोर्टच्या खिडकीत आरजीबी २४ बिट निवडायचं आणि प्रोफाइल सोबत ठेवायची खूण करायची. फाइल हलकी करणारी काही साधनं ही चिठ्ठी ‘जास्तीचा मजकूर’ समजून काढून टाकतात. चित्र आधीच एसआरजीबीत असेल तर त्याने बिघडत नाही. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत असेल तर रंग मरगळतात, आणि मग “कालपर्यंत बरोबर होता” हा वाद सुरू होतो.

काळ्याचं वेगळं. प्रेसमध्ये मजकूर फक्त काळ्या शाईत असतो, १०० टक्के. स्वॉपच्या हिशोबाने त्याचे स्क्रीनवर ३५, ३१, ३२ होतात, म्हणजे किंचित करडा काळा. कागदावर हेच काळं दिसतं, पण फोनच्या पांढऱ्या स्क्रीनवर मजकूर धुतल्यासारखा वाटतो. लेव्हल्स या उजेड-अंधार जुळवायच्या साधनात काळ्याचं टोक ३५ पर्यंत ओढून घेतलं की मजकूर उठून दिसतो. फोटो असलेल्या भागाला मात्र हे करू नये. नवरदेवाच्या केसांचं नि कोटाचं एकच गाठोडं होतं.

इतकं करूनही छापील कागद नि फोन शेजारी धरले तर रंग तंतोतंत जुळत नाहीत. फोनचा ब्राइटनेस नि रात्रीचा पिवळा मोड आपल्या हातात नसतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं.

“अक्षरं फुटून राहिली”

या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला, अक्षराभोवतीचा मळ. जेपीजीचं मानक १९९२ चं आणि ते झालं फोटोंसाठी. ती चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक बदल गाळते. आभाळ, गाल, साडी अशा हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींत ते कळत नाही. अक्षर म्हणजे काळ्यावरून पांढऱ्यावर एकदम उडी. तिथे गाळलेलं लगेच उघडं पडतं. त्यातून बहुतेक वेळा जेपीजी रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करून ठेवते, उजेडाची पूर्ण ठेवते. आपल्या पत्रिकांचा जीव कशात, तर हळदी-पिवळ्या कागदावर कुंकवासारख्या लाल अक्षरांत. नेमका तिथेच लाल रंग अक्षराबाहेर सांडतो. इंग्रजी कार्डावर काळी अक्षरं असतात म्हणून त्यांना ही अडचण कमी, असं माझं निरीक्षण.

म्हणून सपाट रंग आणि मजकूर असेल तर पीएनजी. रंग थोडे असतील तर २५६ रंगांची पीएनजी, ती फार हलकी होते. जिथे चालत असेल तिथे लॉसलेस, म्हणजे काही न गाळणारी वेबपी. गूगलच्या मोजणीत ती पीएनजीपेक्षा सरासरी २६ टक्के लहान भरते. फोटोच असेल तर जेपीजी किंवा साधी वेबपी, ८० ते ८५ वर. एकाच कार्डावर फोटोही आणि लाल मजकूरही असेल, तर मी जेपीजीच काढते, पण गिंप या फुकट सॉफ्टवेअरच्या एक्स्पोर्टमध्ये आतल्या पर्यायांत जाऊन सबसॅम्पलिंग ४:४:४ करते, म्हणजे रंग निम्मे होत नाहीत, आणि क्वालिटी ९० च्या आसपास ठेवते. तिथे साधी, म्हणजे माहिती गाळणारी वेबपी वापरत नाही, कारण तिच्यात रंग निम्मे करणं बंदच करता येत नाही. एव्हीआयएफ नावाचा नवा फाइल प्रकार अजून हलका आहे, पण एखाद्या मामांच्या जुन्या फोनवर तो उघडत नाही आणि फोन मला येतो.

दुसरा आजार, तुटलेली शिरोरेषा. हा लहान करताना होतो. चित्र लहान करायच्या खिडकीत ‘निअरेस्ट नेबर’ निवडलेलं असेल तर सॉफ्टवेअर अधल्यामधल्या पिक्सेलच्या ओळी सरळ फेकून देतं, आणि पातळ शिरोरेषा नेमकी त्या ओळीत असली तर गेली. बायक्यूबिक किंवा लँकझॉस निवडायचं. स्कॅन करतानाही ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नको, ‘ग्रेस्केल’ हवं. पहिल्यात प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही; मग अक्षराला पायऱ्या पडतात.

तिसरा आजार खरं म्हणजे आजार नाही, अक्षर लहान आहे एवढंच. पण सर्वांत जास्त वैताग याचा. ए-फोर पान ५९५ पॉइंट रुंद. साध्या फोनचा पडदा ब्राउझरच्या हिशोबाने ३६० पिक्सेल रुंद. पान पडद्यात बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर सव्वासात पिक्सेलचं होतं. त्या सव्वासातात मात्रा, वेलांटी, रफार, उकार सगळं बसवायचं. इंग्रजी कसंबसं वाचता येईल, मराठीला वर आणि खाली दोन मजले जास्त असतात. त्यामुळे फाइल कितीही शुद्ध असली तरी वाचता येत नाही. इथे क्वालिटी वाढवून उपयोग नाही. पानाचे तुकडे करा. कार्यक्रम एका चित्रात, स्थळ नि वेळ दुसऱ्यात, निमंत्रक तिसऱ्यात. मूळ फाइल हातात असेल तर मी मजकूर १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीत नव्याने मांडून देते. त्याचे वेगळे पैसे घेते, आणि लोक देतात.

या निमित्ताने डीपीआयचं, म्हणजे इंचाला किती ठिपके याचं, भूत उतरवून टाकते. “वेबसाठी ७२ डीपीआय पाहिजे” असा निरोप अजूनही येतो. वेबला डीपीआय कळत नाही, त्याला पिक्सेल कळतात. ए-फोर पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल, १५० ला १२४० बाय १७५४. पिक्सेल तेच ठेवून फक्त ३०० चा आकडा ७२ केला तर फाइलमध्ये एक नोंद बदलते, चित्र तसूभरही बदलत नाही. ३०० वालं पान न दाबता ठेवलं तर २६ एमबी होतं. म्हणून आधी पिक्सेल कमी करायचे, क्वालिटीच्या आकड्याकडे नंतर जायचं. पूर्ण पानासाठी १२०० ते १६०० पिक्सेल रुंदी मला पुरते.

मारबतीच्या चेहऱ्यावर चौकडे

एका मंडळाची जुनी स्मरणिका आली होती, वेबवर चढवायला. आत तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीतल्या पिवळ्या मारबतीचा, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पुतळ्याचा, पानभर फोटो. ३०० वर स्कॅन करून लहान केला, तर मारबतीच्या चेहऱ्यावर लुंगीसारखे चौकडे उठले. मंडळाचा पोरगा म्हणाला, “काऊन असं होऊन राहिलं ताई? पुस्तकात तर नाही दिसत!”

पुस्तकात फोटो नसतोच, ठिपक्यांची जाळी असते. आर्ट पेपरवर इंचाला साधारण १५० ओळी, वर्तमानपत्रात ८५ ते १००. इंचाला १५० ओळींची जाळी ३०० डीपीआयच्या दुसऱ्या जाळीतून पाहिली की दोन जाळ्यांचा मेळ चुकतो आणि तिसरीच नक्षी तयार होते. मच्छरदाणीच्या दोन पडद्यांतून दिव्याकडे पाहा, तेच दिसेल. याला मोआरे म्हणतात. एकदा ती नक्षी लहान केलेल्या चित्रात उतरली की काढणं फार कठीण.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीस्क्रीन’ असेल तर ते चालू करा. नसेल तर ६०० वर स्कॅन करायचं, ठिपके एकमेकांत विरघळतील इतपतच गॉसियन ब्लर द्यायचा, मग पाव आकारावर आणायचं आणि शेवटी किंचित शार्प करायचं. क्रम उलटा केला, म्हणजे आधी लहान आणि मग ब्लर, तर चौकडे तसेच राहतात आणि वर चेहराही धूसर होतो. पानावर फोटोसोबत मजकूर असेल तर ब्लर फक्त फोटोला द्या.

त्याच स्मरणिकेत पातळ पानांच्या मागचा मजकूर पुढे दिसत होता. पानामागे काळा कार्डशीट ठेवून स्कॅन केलं की तो बराचसा दबतो. पान थोडं करडं येतं, ते लेव्हल्सने उजळतं. आणखी एक अडचण खास आपल्याकडची : उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेत पातळ कागद लहरतो आणि काचेवर सपाट बसत नाही. एप्रिल-मेमध्ये जुनी कागदपत्रं स्कॅन करायची असली की मी कूलर बंद करते, घाम पुसत बसते.

अनुस्वार खाणारं बटण

माझ्या मते सर्वांत घातक बिघाड हा, कारण तो दिसत नाही. चित्र स्वच्छ, सुंदर दिसतं आणि मजकूर चुकीचा झालेला असतो.

स्कॅनच्या ॲपमध्ये ‘डीस्पेकल’, ‘नॉइज काढा’, ‘पान स्वच्छ करा’ अशा नावाचं काहीतरी असतं. ते बारीक सुटे ठिपके धूळ समजून पुसतं. हे गृहीत धरताना डोळ्यांसमोर इंग्रजी असावी. तिथे सुटा ठिपका म्हणजे आय, जे आणि पूर्णविराम. आपल्या लिपीत अनुस्वार म्हणजे अर्थ. लहान टायपातला अनुस्वार २०० डीपीआयला तीन-चार पिक्सेलचा असतो आणि धूळही तेवढीच असते. मग ‘मंगल कार्यालय’ चं ‘मगल कार्यालय’ होतं. ‘चि. सौ. कां.’ मधले ठिपके नि अनुस्वार गेले की नवरीच्या नावाआधी नुसतं ‘चि सौ का’ उरतं. हे एकवेळ हसण्यावारी जाईल. पतसंस्थेच्या अहवालात लाभांश १२.५ टक्के असेल आणि टिंब गेलं, तर सभेत काय होईल ते सभासदांना विचारा.

म्हणून ते बटण बंदच ठेवायचं. धूळ काढायची असेल तर काच पुसायची. पान पांढरं करताना लेव्हल्समध्ये पांढऱ्याचं टोक हळूहळू ओढायचं आणि लक्ष एखाद्या फिकट छापलेल्या अनुस्वारावर ठेवायचं; तो पातळ व्हायला लागला की थांबायचं.

यातलाच मोठा भाऊ म्हणजे स्कॅनमधला अति दाबाचा पर्याय. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांतून स्कॅन केलेल्या घराच्या नकाशावर खोल्यांची मापंच बदलत होती, कुठे ६ चा ८ झालेला. कारण जेबिग-टू नावाची दाबायची पद्धत. एकसारखी दिसणारी अक्षरं ती एकदाच साठवते आणि सगळीकडे तीच चिकटवते. आपल्याकडे घ-ध आणि भ-म या जोड्या आहेत, त्यामुळे मशीनवर ‘हाय कॉम्प्रेशन’ दिसलं की मी आधी ते साधं करते. आकडे असलेलं प्रत्येक पान वेबवर चढवण्याआधी मूळ कागदाशी ताडून पाहते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

काळं पडलेलं कार्ड, इंग्रजी झालेला मजकूर

दोन तक्रारी लवकर आटपतात. कार्ड फोनवर पूर्ण काळं दिसतं, अक्षरं गायब : पीएनजीची पार्श्वभूमी पारदर्शक राहिली आहे. फोन डार्क मोडमध्ये असेल तर काळ्यावर काळी अक्षरं दिसणार कशी? शिवाय जेपीजीला पारदर्शकता कळत नाही, त्यामुळे ती करताना काही ॲप तिथे काळा भरतात. खाली पांढरा थर टाकून सगळं फ्लॅटन, म्हणजे एकच थर, करायचं, झालं.

दुसरी : प्रेसची फाइल आपल्याकडे उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि कंसांचा खच. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. प्रेसवाल्याला सांगायचं, “मॅटर कर्व्ह करून दे,” म्हणजे अक्षरांचे फॉन्ट न लागणारे आकार करून दे. कोरलमध्ये सगळं निवडून कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून तारीख-वेळ आधी तपासा. लोगो किंवा गणपतीचं रेखाचित्र असेल तर अशा फाइलमधून एसव्हीजी काढता येते. ती कितीही मोठी केली तरी फुटत नाही. पानाच्या कडेचे कटिंग मार्क नि तीन मिलिमीटरचं ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी ठेवलेली जादा कड, मात्र कापायला विसरू नका. वेबवर ते दिसले की कार्ड अर्धवट शिवलेल्या ब्लाउजसारखं वाटतं.

सोनेरी फॉइल

याला माझ्याकडे पूर्ण इलाज नाही. फॉइल आरशासारखं असतं. स्कॅनरचा दिवा तिरका पडतो आणि त्याचा उजेड टिपणाऱ्या भागाकडे न येता भलतीकडे जातो, म्हणून सोनेरी गणपती तपकिरी-काळा येतो. फोटो काढायचा असेल तर खिडकीशेजारी, ऊन थेट न येता, आणि फॉइलमध्ये प्रतिबिंब पडेल असा पांढरा कागद समोर धरून. बरं येतं, छान येत नाही. त्यापेक्षा मूळ फाइलमध्ये फॉइलच्या जागी हलका सोनेरी रंग भरून वेगळं चित्र काढलेलं चांगलं.

चित्र करायचंच कशाला

काकांच्या अहवालाकडे परत येते. रंग, अक्षरं, टिंब सगळं नीट करून बावीस चित्रं त्यांच्या हातात दिली. मग त्यांनाच विचारलं, ही सभेची सूचना चित्रात का? चित्रातलं शोधता येत नाही, अक्षर मोठं केलं तर ओळ वळत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो, चित्रापुढे मुका होतो. पत्रिका, जुना फोटो, स्मरणिकेचं मुखपृष्ठ ही दिसण्याची वस्तू आहे, तिचं चित्र करा. सूचना, ठराव, तारखा या वाचण्याच्या वस्तू. त्या युनिकोडमध्ये टाइप करा आणि चित्र लावायचंच तर सोबत लावा. मूळ फाइल नसली तर टेसेरॅक्ट हे फुकटचं साधन छापील मराठी ओळखतं. फक्त अनुस्वार त्यालाही हुलकावणी देतात, तेव्हा प्रूफ वाचावंच लागतं. काकांनी सूचना टाइप करून घेतली. अहवालाची बावीस चित्रंही लावली, पैसे दिले होते म्हणून.

प्रेसवाल्यांसाठी मी एक निरोप फोनमध्ये साठवून ठेवला आहे, लागला तर उचला : ‘पत्रिकेची छपाईची पीडीएफ हवी, स्कॅन नको. मॅटर कर्व्ह केलेलं. फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप दाबून टाकतं. फॉइलचा थर वेगळा असेल तर तोही.’

कालच एकाला पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं : “ताई, पीडीएफ नाही जमून राहिली, स्क्रीनचा फोटो काढून पाठवू का?”